नटीची भाषा

संगीत नाटकाचा पहिला प्रवेश कसा बसवावा, हा प्रश्न वरवर पाहता तालीममास्तरांचा आहे. दर्शनी पडदा केव्हा सारावा, पेटी-तबल्याची बैठक कोठे घालावी, सूत्रधाराने कोणत्या बाजूने यावे, या गोष्टी अनुभवाने ठरतात. त्यांवर लेख लिहिण्याचे कारण सहसा पडत नाही. तथापि काही प्रश्नांचे उत्तर रंगमंचावर शोधू लागले, की मनुष्य नकळत इतिहासाच्या दालनात जाऊन उभा राहतो. असाच एक प्रश्न भिलाईच्या विद्यार्थ्यांनी आमच्यापुढे ठेवला, आणि त्याचा विचार करता करता जे हाती लागले ते बृहन्महाराष्ट्रातील वाचकांपुढे मांडावे असे वाटले.

येथील काही महाविद्यालयीन मुलामुलींनी ‘संगीत शाकुंतला’चा पहिला अंक बसवावयाचे योजिले आहे. त्यांतील बहुतेकांचे आजोबा पोलाद कारखान्याच्या उभारणीच्या काळात इकडे आले. घरी मराठी, शाळेत हिंदी व इंग्रजी, आणि बाजारात छत्तीसगढी अशी या मुलांची त्रिस्थळी यात्रा चालते. आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीतील कारकून. परंतु जुनी नाटके वाचण्याचा आमचा नाद गावात ठाऊक असल्यामुळे त्यांच्या बैठकीस आम्हांलाही बोलावणे आले. पहिल्या प्रवेशापाशीच गाडी अडली होती. नांदी ध्वनिमुद्रिकेवरून लावावी असे एका पक्षाचे म्हणणे होते. नांदी गाळून झगझगीत प्रकाशात थेट मृगयेनेच आरंभ करावा असे दुसऱ्याचे. हा वाद चालू असता एका मुलीने तिसराच प्रश्न विचारला. नटीची भूमिका तिच्याकडे होती. ती छत्तीसगढी घरातली, मैत्रिणींच्या ओढीने या मंडळीत आलेली. गळा सुरेल, मराठी पदे ती सहज उचलते, परंतु मराठी गद्य तिच्या जिभेवर बसत नाही. “नटीने माझ्या बोलीत बोलले तर चालेल का?” असे तिने विचारले. मंडळी हसली. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मराठी नाटकात मराठीच शोभते असा निर्णयही देऊन टाकला.

आमच्या मते त्या दिवशी विचारला गेलेला सर्वांत जुना आणि सर्वांत शास्त्रशुद्ध प्रश्न तोच होता. तो तसा का, हे पाहण्यासाठी आधी आपल्या नाटकाच्या आरंभाची परंपरा थोडी तपासली पाहिजे.

नांदी म्हणजे मंगलाचरण, एवढीच आपली सर्वसाधारण समजूत असते. भरताच्या नाट्यशास्त्राचा पाचवा अध्याय वाचला तर ती फार अपुरी आहे हे ध्यानात येते. नाटकापूर्वीच्या विधीला भरत ‘पूर्वरंग’ म्हणतो व त्याची एकोणीस अंगे सांगतो. त्यांपैकी नऊ पडद्याआड व्हावयाची आणि दहा पडदा दूर झाल्यावर. पहिली नऊ अंगे पाहून आधुनिक वाचकास नवल वाटेल. वाद्ये जागच्या जागी मांडणे हे पहिले अंग, त्याचे नाव ‘प्रत्याहार’. गायकांनी आपापल्या जागी बसणे हे दुसरे. मग आवाज लावणे, मग वाद्ये जुळविणे. आज जे काम आपण प्रेक्षकांची दृष्टी चुकवून, घाईघाईने आणि काहीसे लाजत उरकतो, त्याला भरताने स्वतंत्र नावे देऊन विधीच्या पंक्तीला बसविले आहे. नांदी येते ती यानंतर, पडदा दूर झाल्यावर. आणि शेवटी ‘प्ररोचना’, म्हणजे प्रेक्षकांचे मन नाटकाकडे वळविणारे निवेदन.

वाद्यवृंदाची जागाही भरताने सांगितली आहे. नेपथ्यगृहाची दोन दारे रंगपीठाच्या मागच्या अंगास. त्या दोन दारांच्या मध्ये वादकांनी प्रेक्षकांकडे तोंड करून बसावयाचे. अर्थात ते सर्वांना दिसतात. त्याच अध्यायातील आणखी एक सूचना तर प्रत्येक हौशी मंडळीने तालमीच्या खोलीत लावून ठेवावी अशी आहे. पूर्वरंगात गीत-नृत्याचा अतिरेक करू नये. कारण तो लांबला म्हणजे करणारेही थकतात आणि पाहणारेही, व थकलेल्यांना पुढे रसाचा आस्वाद नीट घेता येत नाही. या साऱ्याचा मथितार्थ असा, की पूर्वरंग ही निव्वळ शोभा नव्हे. आपल्यापाशी कोणती साधने आहेत, आपण किती जण आहोत, आपला सूर कोणता, हे प्रेक्षकांना उघड करून सांगण्याची ती रीत आहे. आमच्या धंद्यातला दाखला द्यावयाचा तर रोजकीर्दीच्या पानावर पहिली नोंद आरंभीच्या शिलकेची असते. ती खरी नसेल तर पुढचे सारे जमाखर्च कितीही सुबक अक्षरात लिहिले तरी ताळा जमत नाही.

मराठी रंगभूमीने ही शिल्लक वेळोवेळी कशी मांडली ते आता पाहू. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, त्या परंपरेत सूत्रधार मंगलाचरण गाई, वनचराच्या वेषातला विदूषक येई, मग गणपती आणि मोरावर बसलेली सरस्वती येऊन नाचत, आणि त्यानंतर आख्यान सुरू होई. आख्यानातील पदे सूत्रधार आणि त्याचे साथीदारच गात; पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी करीत. म्हणजे गाणे एकाचे आणि सोंग दुसऱ्याचे, अशी कामाची वाटणी होती.

ही वाटणी मोडली ती अण्णासाहेब किर्लोस्करांनी. येथे आमच्यासारख्याला थोडासा अभिमान वाटेल अशी गोष्ट म्हणजे, मराठी संगीत नाटकाचे हे जनक रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते. १८८० साली पुण्यात त्यांनी पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’चा खेळ पाहिला. लखनौच्या अमानतने १८५० नंतरच्या दशकात रचलेल्या या संगीतिकेत प्रत्येक पात्राच्या आगमनाचे गाणे होई, आणि मग पडद्याआडून ते पात्र प्रकट होऊन स्वतः गाऊ लागे. किर्लोस्करांनी हे पाहिले, पण उचलले ते निराळ्या रीतीने. ‘इंद्रसभे’चे मराठी रूप करण्याऐवजी त्यांनी कालिदास हाती घेतला, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग केला. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व, शंकरराव मुजुमदार शकुंतला, आणि सूत्रधार स्वतः किर्लोस्कर.

या प्रयोगात पात्रे आपापली पदे स्वतः गाऊ लागली, ही क्रांती सर्वांना ठाऊक आहे. परंतु तिचा पहिल्या प्रवेशावर काय परिणाम झाला, इकडे फारसे लक्ष जात नाही. भाव्यांचा सूत्रधार खेळ संपेपर्यंत रंगमंचावर असे, कारण त्याच्यावाचून गाणेच नव्हते. किर्लोस्करांचा सूत्रधार मात्र प्रस्तावना करून निघून जातो. गणपती-सरस्वतींचे नृत्य गेले. उरली नांदी आणि सूत्रधार-नटीचा संवाद. एवढ्या थोड्या अवकाशात प्रेक्षकांना पुढचा नवा करार समजावा लागे, की येथे जो बोलेल तोच गाईल. मुलांनी नांदी ध्वनिमुद्रिकेवरून लावण्याचा विचार का सोडावा, याचे कारण येथेच आहे. पहिला सूर यंत्रातून आला आणि दुसरा जिवंत गळ्यातून, तर करार पहिल्या क्षणीच मोडतो. आणि शिकाऊ गळ्याची तुलना प्रेक्षक उगाचच त्या पक्व मुद्रणाशी करीत बसतात.

आता किर्लोस्करांच्या मागे, खुद्द कालिदासाच्या प्रस्तावनेकडे जाऊ, कारण त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे. शिवाच्या आठ मूर्तींना वंदन करणारी नांदी संपते. सूत्रधार नेपथ्याकडे पाहून नटीला बोलावतो. सभा जाणत्यांची आहे, कालिदासाचे नवे नाटक करावयाचे आहे, तेव्हा प्रत्येकाने आपल्या कामात दक्ष असावे, असे तो सांगतो. नटी त्याच्या प्रयोगकौशल्याची स्तुती करते, पण जाणत्यांचे समाधान होईपर्यंत स्वतःच्या विद्येवर विश्वास ठेवता येत नाही असे तो म्हणतो. मग नुकत्याच लागलेल्या ग्रीष्मावर गाण्याची विनंती. नटी गाते. सारी सभा चित्रासारखी स्तब्ध होते, आणि सूत्रधार स्वतःच विसरतो की आता कोणते नाटक करावयाचे. नटी आठवण देते तेव्हा तो कबूल करतो की तुझ्या गीताने मला असे ओढून नेले, जसे त्या वेगवान हरिणाने दुष्यंताला. एवढे बोलून ती दोघे जातात, आणि हरिणामागे धावणारा दुष्यंत प्रवेश करतो. प्रस्तावनेतून नाटकात नेणारा याहून नाजूक पूल आमच्या वाचनात नाही. आणि तो पूल सबंध नटीच्या गाण्यावर उभा आहे.

येथे जी गोष्ट मराठी अनुवादात लुप्त होते ती अशी, की ही दोघे एका भाषेत बोलत नाहीत. सूत्रधार संस्कृत बोलतो, नटी प्राकृत. ती त्याच्या भाषेत उत्तर देत नाही, तो तिच्या भाषेत प्रश्न विचारीत नाही, आणि तरीही दोघांचे एकमेकांवाचून काही अडत नाही. संस्कृत नाटकाच्या संकेताप्रमाणे स्त्रीपात्रांचे गद्य शौरसेनीत असे आणि गीत महाराष्ट्री प्राकृतात. म्हणजे शाकुंतलाच्या आरंभी ज्या गाण्याने सभा चित्रवत् झाली, ते गाणे आपल्या मराठीच्या पूर्वजभाषेतले होते. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त तर याहून पुढची पायरी आहे. तेथे सूत्रधार संस्कृतात आरंभ करतो आणि घरच्या माणसाशी बोलावयाचे म्हणून, तसे प्रेक्षकांना सांगून, स्वतःच प्राकृतावर उतरतो. भरतानेही प्रयोग करणाऱ्यांना इच्छेनुसार देशभाषा वापरण्याची मोकळीक दिली आहे, कारण नाटकातले काव्य नाना देशांत उपजते असे तो म्हणतो.

मराठी आणि नाटक यांचा संबंध अशा रीतीने नटीच्या जागेवरून सुरू झाला, ही गोष्ट आपण सहज विसरलो आहोत. राजाची, पंडिताची, सूत्रधाराची भाषा दुसरी होती. आपल्या पूर्वजभाषेकडे गाणे होते. पुढे किर्लोस्करांनी सूत्रधार आणि नटी या दोघांनाही मराठी दिली, आणि ते योग्यच झाले. कारण १८८० साली पुण्याच्या प्रेक्षकांची व नटांची ती एकच भाषा होती. त्यांनी आपल्यापाशी होती ती शिल्लक मांडली. प्रश्न एवढाच, की भिलाईच्या विद्यार्थ्यांनी पुण्याची शिल्लक आपल्या पानावर उतरून घ्यावी काय?

विद्यार्थ्यांच्या नाटकाचा इतिहासही ‘नाही’ असेच उत्तर देतो. पुण्यात १८९४ साली विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ नावाची संस्था काढली. तीच पुढे भरत नाट्य समाज आणि नंतर भरत नाट्य संशोधन मंदिर झाली. या संस्थेच्या रंगमंचावर १६ डिसेंबर १९७२ रोजी विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नाना फडणविसांची भूमिका करणारे मोहन आगाशे हे दोघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. त्या नाटकाचा आरंभ मराठी रंगभूमीच्या इतिहासात नोंदला गेला आहे. पडद्याच्या जागी माणसांची रांग उभी राहते, झुलत गाऊ लागते, गणपती-सरस्वती येतात, आणि भाव्यांनी रूढ केलेला पूर्वरंग सव्वाशे वर्षांनी पुन्हा अवतरतो. पण आता त्याच भक्तिभावाच्या रांगेतून पुण्यातले ढोंग डोकावू लागते. कोकणातील खेळ्यांच्या लोकप्रकारातून ही मानवी भिंत आली. तिच्यासाठी ना भारी पडदे लागले ना रंगविलेले महाल. देह, गळे आणि ताल एवढीच त्या तरुणांची शिल्लक होती, आणि ती त्यांनी पहिल्याच क्षणी प्रेक्षकांपुढे मोजून ठेवली. तीच माणसे पुढे भिंत झाली, बाग झाली, गर्दी झाली.

मग भिलाईच्या मुलांपाशी काय आहे? याचा विचार करताना ही भूमी आणि आपली भाषा यांचा पूर्वसंबंध डोळ्यांआड करून चालणार नाही. छत्तीसगढात मराठी आली ती अठराव्या शतकात, नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर. १७४१ साली भास्करपंतांची स्वारी रतनपुरावर आली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार केला, आणि त्यांच्या दप्तरात मराठी भाषा व मोडी लिपी शिरली. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, तरी इंग्रजी अमलात व स्वातंत्र्यानंतरही १९५६ पर्यंत या प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. सारांश, दोनशे वर्षे मराठी येथे वसुलीची, हुकुमाची आणि कचेरीची भाषा म्हणून ओळखली गेली. ती सूत्रधाराच्या जागी होती.

भिलाईने हा संबंध बदलला. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत रशियाशी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व भागांतून माणसे आली; त्यांत मराठी माणूस हा अनेकांतला एक होता. शेजारी तेलुगू, समोर बंगाली, पलीकडे मलयाळी, आणि ज्यांच्या शेतांवर हे नगर उभे राहिले ते छत्तीसगढी. पाळीचा भोंगा सर्वांना सारखाच वाजे. येथे मराठीला कोणतीही सत्ता नव्हती. होता तो आपल्या माणसांचा जिव्हाळा.

आणि ज्या छत्तीसगढीला आपण केवळ बाजाराची बोली समजतो, तिच्या रंगभूमीने आपल्या आसपास काय केले तेही पाहावे. दुर्गजवळच्या बघेरा गावी दाऊ रामचंद्र देशमुखांनी ७ नोव्हेंबर १९७१ रोजी ‘चंदैनी गोंदा’चा पहिला प्रयोग केला. शेतकऱ्याच्या जीवनावरील गीतांची ती मालिका हजारो ग्रामस्थांपुढे झाली, आणि पुढे वर्षानुवर्षे तिची गाणी छत्तीसगढात घरोघर म्हटली गेली. हबीब तन्वीरांनी १९५८ साली दिल्लीस ‘मिट्टी की गाडी’ केले, त्यात छत्तीसगढच्या नाचा मंडळ्यांतील सहा कलावंत होते. हे नाटक म्हणजे तेच ‘मृच्छकटिक’, जे किर्लोस्करांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी संगीत नाटकाच्या रूपाने मराठीत आणले. आणि १९७४ साली खुद्द भिलाईत, एका शिबिरातून, तन्वीरांचे ‘चरणदास चोर’ आकारास आले. सतनामी समाजाच्या मेळाव्यापुढे उघड्या मैदानात त्याचे पहिले, आखूड रूप सादर झाले. सत्य न सोडणाऱ्या चोराची ती कथा सत्याला देव मानणाऱ्या पंथापुढे मांडावयाची, म्हणून आरंभ सतनामींच्याच पंथी गीताने झाला. १९८२ साली हेच नाटक एडिनबरोच्या महोत्सवात गौरविले गेले. तेथे छत्तीसगढी जाणणारे किती असणार? पण पहिल्याच गाण्यात नटांनी आपण कोण ते सांगितले होते.

शेवटचा दाखला तीजनबाईंचा. भिलाईजवळच्या गनियारी गावी त्यांचा जन्म १९५६ साली झाला. भिलाई पोलाद कारखान्यात त्यांनी नोकरी केली. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पांडवानी गाणाऱ्या स्त्रियांनी बसून, वेदमती शैलीत गावे असा प्रघात असता, त्या हाती तंबोरा घेऊन उभ्या राहिल्या आणि पुरुषांची मानली गेलेली कापालिक शैली त्यांनी आपलीशी केली. एक बाई आणि एक तंबोरा. तोच तंबोरा क्षणात भीमाची गदा होतो आणि क्षणात अर्जुनाचे धनुष्य. रंगमंचाच्या मांडणीत पैसा किती लागतो, याविषयी विद्यार्थ्यांनी दुसरा धडा शोधण्याची गरज नाही.

या सर्व विचारानंतर पहिल्या प्रवेशाचा जो आराखडा आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवला तो असा आहे. प्रेक्षागृहातील दिवे आरंभी मालवू नयेत. रंगमंचाच्या मागच्या अंगास मध्यभागी बैठा चौथरा घालावा. साथीदारांनी उघडपणे येऊन पेटी, तबला, तंबोरा आणि त्यांच्या शेजारी मांदर व झांज मांडावी, आणि सूर सर्वांना ऐकू येईल असा जुळवावा. यास दोन मिनिटे पुरेत. मग नांदी. ती दोघा-तिघा निवडक गवयांनी न म्हणता मंडळीतील प्रत्येकाने, कपडेपट सांभाळणाऱ्यानेही, एका रांगेत उभे राहून म्हणावी. मुलींची पट्टी चढी आणि मुलांची उतरती असल्याने एकत्र गाताना दोघांचीही ओढाताण होते. म्हणून चरण वाटून घ्यावेत आणि ध्रुपदाची ओळ तेवढी, दोघांनाही पेलेल अशा सुरात, सर्वांनी मिळून म्हणावी. किर्लोस्करांच्या नांदीनंतर एक नवे कडवे छत्तीसगढीत असावे. ते येथल्याच एखाद्या कवीकडून लिहून घ्यावे, आणि मराठी मुलांनी ते शुद्ध उच्चारांनी पाठ करावे.

मग रांग दुभंगावी आणि सूत्रधार पुढे यावा. त्याने मराठीत बोलावे. परंतु वाक्ये लहान व रोजच्या वापरातली असावीत. नटीने साथीदारांच्या बैठकीतून उठून यावे आणि छत्तीसगढीत उत्तर द्यावे. एकाचे वाक्य दुसऱ्याने भाषांतर करून सांगू नये. प्रश्नावरून उत्तर कळावे आणि उत्तरावरून प्रश्न. ग्रीष्माचे गीत मात्र नटीने किर्लोस्करांच्या मराठी पदातच गावे. शौरसेनी बोलणाऱ्या नटीने महाराष्ट्री गावी हा संकेत मोडण्याचे कारण नाही, आणि त्या मुलीच्या गळ्यावर ते पद शोभतेही. गाणे संपताच क्षणभर पूर्ण शांतता. सूत्रधाराचा विसर, नटीची आठवण, आणि मग मांदरावर हलके हलके वाढत जाणारी हरिणाच्या टापांची लय. प्रेक्षागृहातले दिवे मालवावेत ते येथे. हरिण दाखवू नये. रथही आणू नये. सारथ्याच्या हातांत लगाम आहेत हे त्याच्या हातांनीच दाखवावे, जसे संस्कृत रंगभूमीवर दाखवीत. दुष्यंत धावत येईपर्यंत सगळी मिळून बारा मिनिटे व्हावीत. अधिक झाली तर भरताचा इशारा लागू होतो.

या योजनेवर आक्षेप आले, आणि ते पोकळ नव्हते. त्यांतला एक धोका आम्हांलाही जाणवतो. रंगमंचावर दुसरी बोली आली की ती हसे पिकविण्यासाठीच येते, अशी वाईट सवय आपल्या नाटकांना जडली आहे. मालकिणीची भाषा एक आणि मोलकरणीची दुसरी. संस्कृत नाटकातही प्राकृताची वाटणी पुष्कळदा पात्राची पायरी पाहून झाली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून आमची अट अशी, की नटीच्या तोंडी एकही हास्याचे वाक्य केवळ बोलीच्या जोरावर टाकू नये. सूत्रधार विसरतो आणि नटी आठवण देते. त्या दोघांत शहाणी ती आहे. हे तिच्या भाषेतून दिसले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक कळवळ्याचा होता. वर्षातून एखाद्या संध्याकाळी भिलाईच्या रंगमंचावर मराठी ऐकावयास मिळते. त्या थोडक्या वेळेतही वाटेकरी कशाला? असे विचारणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी आपल्या नातवंडांना हिंदीत मराठीची थट्टा करताना ऐकले आहे. त्यांच्या प्रश्नाला इतिहासाचे दाखले पुरे पडत नाहीत. बारा मिनिटांतली तीन-चार मिनिटे मराठीची कमी होतील, हे खरेच आहे. परंतु ती देऊन जे मिळेल तेही मोजावे. आज ज्यांना सूत्रधाराची मराठी वाक्ये परक्यासारखी घोकावी लागतात, त्यांना समोरून छत्तीसगढी उत्तर आले म्हणजे आपले वाक्य समोरच्याला समजावे म्हणून बोलावे लागेल. पाठ म्हटलेली भाषा आणि कोणाला काही सांगण्यासाठी बोललेली भाषा यांत मोठे अंतर आहे. आणि एक छत्तीसगढी मुलगी मराठी पद मनापासून गात असता आपली भाषा टिंगलीची वस्तू आहे असे म्हणणे त्या नातवंडांनाही जड जाईल.

भाषा टिकविण्याचे उपाय म्हणून आपण परप्रांतात पुष्कळ कुंपणे घालतो: मंडळाची घटना, सभासदत्वाचे नियम, कार्यक्रमाच्या निमंत्रणावरील आग्रह. त्यांची गरज नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण मराठीच्या पूर्वजभाषेने रंगमंचावर आपली पहिली जागा मिळविली ती कुंपणातून नव्हे. सूत्रधाराची भाषा दुसरी असता तिने एक गाणे म्हटले, आणि जाणत्यांची सभा चित्रासारखी झाली. आता येथे सूत्रधाराच्या जागी आपण आहोत. समोरच्या नटीला तिच्या बोलीत बोलू द्यावे आणि तिचे गाणे संपेपर्यंत शांत राहावे, एवढे सौजन्य कालिदासाच्या सूत्रधाराने दाखविले होते. आपल्याला ते अवघड जाऊ नये.